पाऊल डावं, ठोका बिग ड्रमचा

१४ जुलै २००९. पॅरिसच्या शाँझ एलिझेवर फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं संचलन सुरू झालं, तेव्हा सर्वांत पुढे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. पायदळात सर्वांत शेवटी आली फॉरिन लीजन. तिचा नंबर दरवर्षी शेवटचाच असतो. इतर फ्रेंच तुकड्या मिनिटाला १२० पावलं टाकतात, लीजन ८८. पाऊल ७५ सेंटिमीटरचं धरलं, तर मिनिटाला एक तुकडी ९० मीटर जाते, दुसरी ६६. लीजनला मधे घातलं तर मागचे लगेच तिच्या पाठीवर येतील.

ब्रिटिशांच्या लाइट इन्फंट्री आणि रायफल पलटणींची रीत याच्या उलट. त्यांची चाल मिनिटाला १४० पावलांची. मार्चची योग्य लय कोणती, या प्रश्नाला म्हणूनच आधी एक उपप्रश्न असतो: चालणार कोण?

चालणाऱ्यांना धरून ठेवतो तो बिग ड्रम. वाजवणाऱ्याच्या छातीवर एवढं मोठं धूड, की समोरचं नीट दिसणंही मुश्कील. बाकीचे सूर चुकले तर जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. याचा ठोका सरकला तर अख्खी रांग लंगडते. डावा पाय आणि ताकदीचा ठोका एकत्र पडायला हवेत, एवढंच त्याचं काम. पण ते वाटतं तितकं सोपं नाही, कारण आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगाने ड्रमचा ठोका ८५ मीटर मागच्या जवानाला पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. १२०च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे तो कानावर विसंबला, तर पुढच्याचा पाय टेकलेला असताना याचा अजून हवेत! लांब रांगेतून कधीकधी लाट सरकताना दिसते, ती हीच. चाल जितकी जलद, तितकं हे अंतर महाग पडतं.

मग बँड रस्त्यावरून उठून खुर्च्यांवर बसला, आणि वेगावरून भांडण सुरू झालं.

अमेरिकेचा जॉन फिलिप सूझा १८८० ते १८९२ मरीन बँडचा प्रमुख होता. पुढे त्याने स्वतःचा बँड काढला, तो बहुतेक सभागृहांत बसून वाजवायचा. रस्त्यावर चालला तो मोजक्याच वेळा. १८९६मध्ये रचलेला त्याचा सर्वांत गाजलेला मार्च, ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’, या बसलेल्या बँडचा. मग त्याला पावलांचं बंधन कशाला? सूझाचा वेग पुराव्याने ठरवायचा, तर जुन्या तबकड्या आहेत. पण त्यांतल्या बहुतेक त्याच्या बँडच्या असूनही वाजवून घेतल्या दुसऱ्यांनी, कारण त्याला ध्वनिमुद्रणाचा तिटकारा. शिवाय तबकडीच्या एका बाजूला मिनिटं जेमतेम तीन-चार, त्यामुळे घाई कलेची की तबकडीची, हे सांगणं अवघड.

आज हा मार्च मैफलीच्या शेवटी भन्नाट वेगात उडवला जातो. टाळ्या मिळतात, पण अखेरच्या भागातल्या पिकोलोच्या नाजूक गिरक्या चुरगळतात आणि त्याआधीचं खर्जातल्या पितळी वाद्यांचं भांडण निव्वळ गोंगाट होतं. इथे वेगवाल्यांची बाजू कच्ची वाटते.

भारतात गुंता आणखी वेगळा. इक्बाल यांची १९०४ची रचना ‘सारे जहाँ से अच्छा’ आपल्या फौजी बँडची लाडकी धून. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटचा समारोप तिनेच होतो. ही मुळात गायची चीज. सावकाश गाताना शब्दाला जी मोकळीक मिळते, ती ‘तेज चल’च्या हुकमात मिळत नाही. श्रोते मनात शब्द म्हणतात, पाय ठोका मागतात, आणि अरेंजरला दोघांची समजूत काढावी लागते. त्यात सामूहिक बँड सगळ्या चौकभर पसरलेला. दूरच्या टोकाचा ड्रमर ऐकून वाजवू लागला, तर तो मागेच राहणार. त्याला वाजवायचं असतं ते ड्रम मेजरच्या हातातल्या दांड्यावर नजर ठेवून, लांबून येणाऱ्या सुरांकडे चक्क काणाडोळा करून.