विश्लेषण : बोनस दिला तर शिक्षक जास्त शिकवतात का?

आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी २००५ पासून हे तपासले. मुलांचे सरासरी गुण ५ टक्क्यांहून जास्त वाढले, की पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे शिक्षकाला ५०० रुपये. बोनस सरासरी वार्षिक पगाराच्या जेमतेम ३ टक्के. तरीही दोन वर्षांत ही मुले गणित आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे गेली.

गंमत म्हणजे शिक्षकांची गैरहजेरी कमी झालीच नाही! शिक्षकांच्याच सांगण्यानुसार, त्यांनी जादा तास आणि सराव चाचण्या घेतल्या.

हजेरी वाढली ती राजस्थानात. उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये तारीख-वेळेच्या फोटोवरून पगार ठरू लागला. तिथे गैरहजेरी २१ टक्के होती, कॅमेरा नसलेल्या शाळांत ४२.