लाकडी फ्लोअरिंगवर राहिलेला गोंद

बहारीनमध्ये नव्या लाकडी फ्लोअरिंगवर राहिलेल्या गोंदाचे डाग काढणे हे मुख्यतः वेळेचे गणित आहे. लाकडाच्या फळ्या चिकटवण्यासाठी वापरला जाणारा पॉलियुरेथेन गोंद हवेतील ओलावा शोषून घट्ट होतो. समुद्राने वेढलेल्या या बेटावर उष्मा आणि दमटपणा यांमुळे ही क्रिया अधिकच वेगाने घडते.

म्हणून फटींतून वर आलेला गोंद ओला असतानाच व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसावा. पाण्याने तो निघत नाही. घट्ट झालेला गोंद मात्र सौम्य द्रावकांना दाद देत नाही. तेथे अ‍ॅसिटोन वापरण्याचा मोह टाळावा. त्याने डागाआधी लाकडावरील पॉलिशच जाते. प्लॅस्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने गोंद हळूहळू खरवडावा. कोणताही उपाय प्रथम एखाद्या दडलेल्या कोपऱ्यात करून पाहावा.

ओल्या गोंदातील आयसोसायनेट श्वसनमार्गास अपायकारक असते. त्यामुळे बाहेर कितीही ऊन असले, तरी काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. डब्यात उरलेला गोंद मोरीत ओतू नये.

कारागीर निघण्यापूर्वी विजेरीच्या तिरप्या उजेडात सारी जमीन न्याहाळावी. त्या घटकेला कापडाने निघणारा डाग दुसऱ्या दिवशी खरवडावा लागतो.