भूजलाच्या नकाशात आधी उतार, मग क्रिगिंग

नागपूर जिल्ह्यात निरीक्षण विहिरींमधलं पाणी किती खोल आहे, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मोजत असते. अडचण असते दोन विहिरींच्या मधल्या जागेची. तिथला अंदाज काढण्याच्या पद्धतीला क्रिगिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम केलेले डॅनी क्रिगे यांच्यावरून फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी हे नाव रूढ केलं. ‘आर’ या फुकट सॉफ्टवेअरमधलं ‘जीस्टॅट’ पॅकेज हे काम चांगलं करतं. मात्र पाण्याच्या पातळीचा जिल्हाभराचा उतार, म्हणजे कल, कुठला धरायचा, हे आपणच ठरवायचं असतं.

खोलीतून समुद्रसपाटीपासूनची पातळी काढून पाहा. समजा, काटोलकडे जमीन 420 मीटरवर आणि पाणी 12 मीटर खाली, पातळी 408. कुहीकडे जमीन 270 वर, पाणी 6 मीटर खाली, पातळी 264. खोलीत फरक 6 मीटरचा, पातळीत 144 चा. हा मोठा फरक म्हणजे कल. तो काढल्यावर जे चढउतार उरतात, तेच यादृच्छिक क्षेत्र मानायचं.

कल राहून गेला, तर व्हेरिओग्राम चुगली करतो. विहिरींच्या जोड्या अंतरानुसार गटांत लावायच्या आणि प्रत्येक गटातल्या पातळीफरकांच्या वर्गांची सरासरी काढून ती निम्मी करायची. आलेख वर चढून पुढे सपाट झाला तर ठीक. चढतच राहिला तर कल आत आहे असं बहुधा समजावं. त्याआधी अक्षांश-रेखांश मीटरमध्ये बदलून घ्या (नागपूरसाठी यूटीएम झोन 44). इथे एक अंश रेखांश साधारण 104 किलोमीटर, तर एक अंश अक्षांश 111. अंश तसेच ठेवले तर अंतरं चुकतात.

पॅकेजमध्ये सूत्र लिहायचं: डावीकडे पातळी, मग टिल्डे, उजवीकडे पूर्व आणि उत्तर सहनिर्देशक. म्हणजे पूर्ण जिल्ह्यावर एक कलता सपाट पृष्ठभाग बसवला. इथेच घाई नको. जिल्ह्याचा पूर्व भाग वैनगंगेकडे उतरतो, पण काटोलची जाम नदी वर्धेला मिळते. एकाच दिशेचा उतार पश्चिमेला खोटा ठरतो. वर्ग-घन पदं घालून तो वाकवता येतो, पण शेवटच्या विहिरीपलीकडे असा पृष्ठभाग बेफाम उसळतो. त्यापेक्षा उजवीकडे जमिनीची उंची घाला. उपग्रहांवरून तयार केलेली उंचीची माहिती फुकट मिळते. पाणी बरंचसं जमिनीच्या चढउताराबरोबर चालतं, म्हणून हा कल समजायलाही सोपा.

आता कल वजा करून उरलेल्या भागाचा व्हेरिओग्राम पुन्हा काढा. तो सपाट होत असेल, तर मॉडेल बसवून क्रिगिंग करा; कल आणि उरलेला भाग सॉफ्टवेअर एकत्र जोडून देतं. एक खाच मात्र आहे: कल साध्या लघुत्तम वर्ग पद्धतीने काढला, तर लांबच्या अंतरांवरचा व्हेरिओग्राम थोडा कमी दिसतो. विहिरी कमी असतील तर ‘जिओआर’ पॅकेजमधली आरईएमएल (रिस्ट्रिक्टेड मॅक्सिमम लाइकलिहुड) पद्धत बरी. शिवाय शहराच्या आसपासच खडक बदलतो: पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुने स्फटिकमय खडक. दोन्ही बाजूंना पुरेशा विहिरी असतील, तर व्हेरिओग्राम वेगळे काढून पाहावेत.

शेवटी एकेक विहीर बाजूला ठेवून तिचा अंदाज उरलेल्या विहिरींवरून काढा. गुंतागुंतीच्या कलाने चूक फारशी कमी होत नसेल, तर साधाच ठेवा. नकाशा छापताना क्रिगिंगच्या त्रुटीचा नकाशाही शेजारी छापा. नवी निरीक्षण विहीर कुठे हवी, ते त्यावरून कळतं.