‘येतो’ म्हणताना

मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही. पुरुष ‘येतो’ म्हणतो, स्त्री ‘येते’ म्हणते आणि यजमानही ‘या’ म्हणूनच निरोप देतात. ‘जाणे’ हे क्रियापद आपल्या भाषेत मृत्यूकडे झुकलेले आहे. ‘आजोबा गेले’ एवढे दोन शब्द पुरतात. मग उंबरठ्यावर ते कशाला उच्चारावे? याच संकोचातून बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. गणपतीचे विसर्जन करतानाही आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण देतो.

आम्हां बडोदेकरांच्या कानांवर तर रोज ‘आवजो’ पडते. तेही ‘या’च! मात्र ‘आवजो’ निघणाराही म्हणतो आणि घरात राहणाराही. ते आमंत्रण आहे. आपले ‘येतो’ हे केवळ निघणाऱ्याचे, आणि म्हणून ते आश्वासन ठरते.

‘निरोप’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. निरोप पाठवतात तो संदेश, निरोप घेतात ती निघण्याची अनुज्ञा. पूर्वी वडीलधाऱ्यांसमोरून उठताना ‘आज्ञा असावी’ म्हणत, त्यातला भाव हाच.

आम्हां डॉक्टरांची मात्र पंचाईत होते. औषध घेऊन निघालेला रुग्ण सवयीने ‘येतो’ म्हणतो. त्याला ‘या’ कसे म्हणावे? ‘जपा’ म्हणून वेळ निभावता येते. वॉर्डातला प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘सात नंबर गेले का?’ असे घरी सोडलेल्या रुग्णाविषयी कोणी सहज विचारतो आणि बाकावर बसलेल्या नातेवाइकाचा चेहरा पांढराफटक पडतो. ‘घरी’ हा एक शब्द जोडायला असा कितीसा वेळ लागतो!

माझ्या हातूनही एक चूक घडली. अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध रुग्णाला तपासून निघताना मी रीतीप्रमाणे ‘येतो, काका’ म्हणालो. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “त्या दिवशी रात्री दहापर्यंत ते झोपले नाहीत. म्हणत होते, डॉक्टर येतो म्हणालेत, दार लावू नका.”

काका काही बोलले नाहीत. माझा हात मात्र त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्या दिवशी उठताना मी म्हणालो, “आता निघतो, काका. गुरुवारी सकाळी दहा वाजता येईन.” त्यांनी सुनेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगितली.