ना राउटर, ना सर्व्हर, मग फोनला फोन सापडतो कसा?

समजा तुम्ही ट्रेकला गेलाय. रेंज नाही, राउटर नाही. तरी मैत्रिणीच्या आयफोनमधले फोटो एअरड्रॉपने तुमच्या आयफोनवर येतात. शेजारी फोन आहे आणि तो फोटो घ्यायला तयार आहे, हे कळतं कसं?

इंटरनेटवर पत्ता विचारायला डीएनएस सर्व्हर असतो. पण उपकरणांनी आपसात उभ्या केलेल्या तात्पुरत्या नेटवर्कमध्ये, म्हणजे अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये, यादी ठेवणारं कुणीच नसतं. मग काय करायचं? वाड्याच्या चौकात उभं राहून विचारायचं, "शिडी कुणाकडे आहे हो?" ज्याच्याकडे असेल तो ओ देतो. गंमत बघा, आपण माणसाचं नाव घेतलं नाही, वस्तू विचारली. सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणजे नेमकं हेच.

याची रूढ पद्धत म्हणजे मल्टिकास्ट डीएनएस. २२४.०.०.२५१ हा सगळ्यांचा सामायिक पत्ता, पोर्ट ५३५३. तिथे प्रश्न टाकला की सगळे ऐकतात, आणि ती सेवा देणारा आपलं नाव, पत्ता आणि पोर्ट सांगतो. अ‍ॅपलने हे २००२ मध्ये 'राँदेव्हू' नावाने आणलं, पुढे त्याचं 'बाँजूर' झालं. २०१३ मध्ये त्याचे आरएफसी ६७६२ आणि ६७६३ निघाले.

एअरड्रॉपमध्ये आधी ब्लूटूथ लो एनर्जीची छोटीशी हाक जाते, कारण तिला बॅटरी कमी लागते. समोरचा जागा झाला की दोघं थेट वायफायवर जोडले जातात, आणि मग हीच विचारपूस होते.

आता, कुणी निघून गेलं तर? शहाणं उपकरण जाताना निरोपाचा संदेश पाठवतं. पण बॅटरीच संपली तर निरोप कोण देणार? म्हणून प्रत्येक उत्तराला मुदत असते. उपकरणाच्या पत्त्यासाठी साधारण १२० सेकंद. तेवढ्यात पुन्हा खबर आली नाही, तर ते नाव यादीतून पुसायचं.

खरी मेख मात्र पुढे आहे. चौकातली हाक सगळा वाडा ऐकतो! फोनला तुमचं पूर्ण नाव दिलं असेल, तर कॅफेच्या वायफायवरही ते इतरांना दिसू शकतं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की एअरड्रॉप ओळख पटवताना फोन नंबर हॅश करून पाठवतं, आणि त्यातून मूळ नंबर काढता येतो. कारण सोपं आहे: शक्य असलेले नंबर मोजकेच, संगणक एकेक करून सगळे ताडून बघतो.

२०२२ च्या अखेरीस अ‍ॅपलने एअरड्रॉपमधल्या 'एव्हरीवन' पर्यायाला १० मिनिटांची मर्यादा घातली. कायम उघडं दार नको, हा धडा अँड्रॉइडवाल्यांनाही लागू आहे.

तेव्हा आज दोन कामं करा. फोनच्या नावातून आडनाव काढा, आणि 'सगळ्यांना दिसू दे' हा पर्याय गरजेपुरताच चालू ठेवा. सापडायचं असेल तर ओ द्यावीच लागते. पण कधी द्यायची, हे आपण ठरवू शकतो.

भेटूया पुढच्या भागात!