यंदाचा प्लॅन : दीड गोधडी

जानेवारी आला की आपल्यापैकी प्रत्येकाला कसला ना कसला झटका येतो. कुणी जिमची वर्षभराची फी भरून मोकळं होतं, कुणी जॅपनीज शिकायला घेतं. मला यंदा शिवणकामाचा झटका आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात काम नव्हतं (फ्रीलान्सर असल्याचा हा फायदा म्हणायचा की तोटा, हे बँक बॅलन्स बघून ठरवायचं), म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि एक झक्कास एक्सेल शीट तयार केली. बारा महिने, बारा प्रोजेक्ट. जानेवारीत खणाची लॅपटॉप स्लीव्ह, फेब्रुवारीत पॅचवर्कच्या उशा, मग टेबल रनर, जुन्या जीन्सचं क्विल्ट, पडदे, दिवाळीला मैत्रिणींना द्यायच्या बटव्यांचा सेट. प्रत्येक महिन्याला वेगळा रंगसुद्धा दिला होता. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन दोऱ्यांची रिळं, सुयांची पाकिटं आणि एक चकचकीत कात्री अशी सॉलिड खरेदीही झाली.

संक्रांतीच्या वीकेंडला आजोळी गेले. शिरूरजवळचं गाव. पुण्याहून सत्तर किलोमीटर, त्यातला अर्धा जीव वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये जातो. तिळगूळ झाला, आणि मी मोठ्या हौसेनं आजीला लॅपटॉपवर माझी शीट दाखवली. ती चष्मा वर-खाली करत सगळे रंग बघत राहिली. मग म्हणाली, "समदं ब्येस हाय. पन कापड कुठंय?"

"विकत आणणार ना."

"इकत आनलेल्या कापडाची गोधडी कोन शिवतं गं?"

तर मंडळी, माझ्या प्लॅनिंगमधली पहिली चूक आजीनं अशी एका प्रश्नात काढली. क्विल्टिंग म्हणजे आधी डिझाइन, मग डिझाइनला मॅच होणारं कापड, मध्ये भरायला वॅडिंग, हा फंडा आपण व्हिडिओ बघून उचललाय. गोधडीचा हिशेब नेमका उलटा. आधी कापड जुनं व्हायला लागतं. रजईत पिंजलेला कापूस असतो, गोधडीत तसलं काही नसतं, थरावर थर नुसत्या कापडाचेच. आणि ते कापड दहा-पंधरा वर्षं अंगावर वापरून, शंभरदा धुऊन मऊ झालेलं असलं, तरच सुई त्यातून सरसर जाते आणि रात्री पांघरल्यावर ते अंगाला बोचत नाही. म्हणजे या वर्षीच्या गोधडीचं प्लॅनिंग खरं तर पंधरा वर्षांपूर्वी, लुगडं घेतानाच सुरू झालेलं असतं!

आजीनं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. आत धुऊन, घड्या करून ठेवलेली सुती नऊवारी लुगडी. मोजली, अकरा भरली. हा तिचा स्टॉक. यात आता भर पडणार नाही, कारण गेली काही वर्षं तीसुद्धा घरात गाऊनच घालते. माझ्या आईच्या साड्या बहुतेक सिंथेटिक. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि थर लावताना एकमेकींवरून घसरतात. आणि मी? माझ्या कपाटात लेगिंग्ज, जीन्स आणि कंपन्यांच्या इव्हेंटमध्ये फुकट मिळालेले टी-शर्ट. माझ्या नातीनं उद्या माझ्या कपड्यांची गोधडी शिवायची ठरवली तर बिचारीला काय मिळणार? एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा लोगो!

ट्रंकेच्या तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेलं आणखी एक गाठोडं होतं. आजीनं ते स्वतः सोडलं. आजोबांच्या धोतरांची अर्धी शिवलेली गोधडी. आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं ती घातली होती. वरून तिच्या हिरव्या लुगड्याचा थर, आत धोतरं. मग मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तरी पकड पहिल्यासारखी आली नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि गोधडी आहे तिथंच थांबली. सुई अजून कापडातच होती. गंजलेली. तिच्याभोवती तपकिरी डाग पडला होता.

"थंडीला त्यांचं धोतार अंगावर असावं असं वाटतं," एवढंच ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. वय वर्षं चौऱ्याऐंशी. माझ्या शीटमध्ये या गाठोड्यासाठी एकही रंग नव्हता.

आता दौंडच्या मावशीचं ऐका. मी तिला फोन लावला तर ती प्रॅक्टिकल बाई लगेच म्हणाली, "अगं, आण इकडे. मशीनवाल्याकडे टाकू, दोन दिवसांत शिवून मिळेल. आई यंदाच पांघरेल तरी." हे खोटंही नाही. पुण्यातही ठिकठिकाणी 'गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या दिसतात, आणि मशीनची गोधडी टिकाऊ असते. पण टीप कापडाला घट्ट आवळून टाकते, थर एकमेकांना चिकटून बसतात. हाताच्या धावदोऱ्यात कापडाला थोडी ढील मिळते, दोन टाक्यांच्या मध्ये ते किंचित फुगतं, आणि त्या फुगवट्यातल्या हवेनंच ऊब येते. आजीला हवेचं सायन्स माहीत नाही. तिचं म्हणणं एकच, "मशीनची गोधडी आंगावर पत्र्यावानी ऱ्हाती."

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी घरातल्या माणसांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट्स शिवली, कारण घरं गार पडायची. तीच क्विल्ट्स २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागली आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टानं त्यांच्यावर तिकिटं काढली. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं, तेही २०१३ मध्ये छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकानं. हे सगळं मी आजीला उत्साहानं सांगितलं. "भितीवर लावली तर निजायला काय घ्येतात?" हा तिचा प्रश्न. पुढचं बोलणं खुंटलं.

त्या रात्री मी एक्सेल पुन्हा उघडली, यावेळी खरोखरच्या हिशेबासाठी. आजीची गोधडी पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. काही बायका कडेकडेनं चौकोनात शिवत आत जातात, आजीची पद्धत सरळ उभ्या ओळींची. दोन ओळींत बोटभर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे एकूण ७६ ओळी, दीडशे मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर पंधरा हजार टाके! सकाळी आजीसमोर बसून मी एक तास शिवून पाहिलं होतं. सुई बदलली, हातभरच दोरा घेतला (लांब घेतला की गुंता होतो, हे एकदा गुंता करूनच कळलं), गाठ दोन थरांच्या मध्ये लपवली. तासाभरात झाल्या दोन ओळी. त्यातली एक इतकी वाकडी, की घोडनदीचं पात्र परवडलं.

म्हणजे एका गोधडीला ३८ तास. वीकेंडला दोन तास मिळतात असं धरलं तर १९ वीकेंड. माझ्या शीटमध्ये मी जुन्या जीन्सच्या क्विल्टला एक महिना दिला होता!

खरं तर वर्षाची आखणी गावात कधीची झालेली आहे, फक्त कुणी ती लिहून काढलेली नाही. सुगी आटपली की चैत्र-वैशाखात दुपारी शेतात काम नसतं, तेव्हा ओसरीवर गोधड्या पडतात. थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर भरलेले तांबे ठेवून ताणायचे, आधी लांब लांब कच्चा दोरा घालून सगळं जागच्या जागी बसवायचं आणि मग धावदोरा सुरू. एका गोधडीला चौघीजणी चार बाजूंनी बसतात, त्यामुळे माझे ३८ तास तिथं चार-पाच दुपारींत उरकतात. पावसाच्या आत गोधडी पुरी झाली पाहिजे, कारण दमट हवेत सुती थरांना वास धरतो. दौंड तालुक्यात तर आणखी पक्की डेडलाइन असते. तुकोबांची पालखी यवतला आणि वरवंडला मुक्कामाला येते, आणि वारकरी घरोघरी उतरतात. त्यांना निजायला अंथरूण नको? यवतच्या पिठलं-भाकरीचं कौतुक सगळे करतात, पण जेवल्यावर माणसं आडवी कशावर होतात याचा विचार कुणी करत नाही. मग भाद्रपद सरता सरता, घटस्थापनेच्या आधी, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर धुवायची. शिरूरकडे घोड, दौंडला भीमा. ओली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते. आणि दिवाळीनंतर थंडी पडली की ती अंगावर. बारा महिन्यांत शिवायचे महिने दोनच. उरलेले दहा धुण्याचे, वापरण्याचे आणि कापड जुनं होऊ देण्याचे.

या सगळ्यात आणखी एक भानगड होती. मावशीची लेक पहिल्या बाळंतपणाला दौंडला, माहेरी आली आहे. तारीख मार्च अखेरची. बाळाला दुपटं हवंच, आणि ट्रंकेतल्या लुगड्यांपैकी सगळ्यात विरलेलं, मलमलीसारखं झालेलं एक आजीनं त्याच्यासाठीच राखून ठेवलं होतं. मी म्हटलं, फेब्रुवारीत शिवून टाकते. आजी आणि मावशी, ज्यांचं मशीनवरून पटत नव्हतं, त्या दोघी एका सुरात ओरडल्या. बाळाचं आधी काही शिवून ठेवायचं नाही! माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण पोटुशी बहीण समोर असताना वाद कोण घालणार? आजीनं तोडगा काढला. कापड धुऊन, फाडून, घड्या करून ठेवायचं, सुई लावायची ती बाळ झाल्यावरच. बारशाला बारा दिवस मिळतात. मीटर बाय मीटरचं दुपटं, पन्नास ओळी, माझ्या स्पीडनं साडेबारा तास. रोज एक तास! एक्सेल शीटचा हा पहिला आणि शेवटचा खरा उपयोग.

शेवटी मांडवली झाली. आजोबांच्या धोतरांची गोधडी हातानंच पुरी करायची, पण एकटीनं नाही. आजीच्या २३ ओळी झालेल्या आहेत, उरल्या ५३. त्या मी आणि मावशीनं वाटून घेतल्या. ती म्हणाली, "मार्चच्या पंधरा तारखेनंतर मला धरू नका." मशीनवाल्यालाही काम मिळालं. आईच्या सिंथेटिक साड्या आत आणि वरखाली जुन्या सुती चादरी घालून तो मोठ्या वाकळा शिवून देणार आहे. त्या मावशीच्या वरवंडच्या सासरी जातील, पालखीसाठी. तिथं टिकाऊपणा महत्त्वाचा, आजीचा पत्रा चालून जाईल. आणि ट्रंकेतली उरलेली नऊ लुगडी? (दहावं दुपट्याला गेलं, अकराव्याचे मी ठिगळांसाठी तुकडे केले आणि आजीची बोलणी खाल्ली.) त्यांना यंदा हात लावायचा नाही. माझा हात बसेपर्यंत तर नाहीच.

उशा, रनर, पडदे, बटवे, सगळे रंग शीटमधून डिलीट. खणाची लॅपटॉप स्लीव्ह मी विकत घेतली. खोटं कशाला बोलू?

एका गोष्टीवर मात्र आजी अडून बसली. मी तिच्या शेवटच्या ओळीतले सैल टाके उसवून नव्यानं घालायचं म्हणत होते, मनगट दुखत असतानाचे ते टाके लांब-लांब पडलेत. "उसवायचं न्हाई," ती म्हणाली. "माजं जितं ऱ्हायलं तितनं पुढं घाल." गंजलेली सुई तिनं स्वतः हळूच काढली. डाग लिंबानं घासला, थोडा फिका झाला, गेला नाही.

आता गोधडीचा प्रवास सुरू आहे. दोन आठवडे माझ्याकडे पुण्यात, मग शनिवारी सकाळच्या गाडीनं मी ती दौंडला पोचवते. स्टेशनवर मावशी येते, मनमाड आणि सोलापूर दोन्हीकडे फाटे फुटणाऱ्या त्या जंक्शनच्या गर्दीत आमच्या गाठोड्याची देवघेव होते. तिचा वाटा झाला की ती चौफुला-न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूर गाठते, कारण आजीला मधून मधून बघायचं असतं. आजी हातानं चाचपून ओळी मोजते आणि कुठली कुणाची ते अचूक ओळखते. माझ्या ओळींवर बोट थांबतं, पण ती बोलत काही नाही.

कालच मावशीचा फोन आला. एकतीस ओळी झाल्या. पांढरा दोरा संपत आलाय, बोहरी आळीतून चार रिळं आणायला सांगितलीत, आणि या वेळी त्यातल्या त्यात जाड दोरा बघून.