संगणक मध्येच थबकतो तेव्हा

पेढीवरील लाल कापडी बांधणीच्या वह्यांची जागा संगणकाने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला. बिले, उधारीची खाती, वखारीतील साठा, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे त्या एका यंत्रात असते. वही आणि संगणक यांत एक भेद मात्र उरला. वही लिहिता लिहिता थांबत नसे, संगणक थांबतो. बिल अर्धे झालेले असते, गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडदा जागच्या जागी गोठतो. माऊस हलत नाही, कळ दाबून उपयोग होत नाही. बटण दाबून यंत्र बंद करावे व पुन्हा सुरू करावे, तर दोन दिवस ते निमूट चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक त्रास देते. बंद यंत्र दुरुस्तीस जाते. थबकणारे यंत्र कारागिरापुढे उत्तम चालते आणि दुकानात परतले की पुन्हा थबकते. मग ‘चालते आहे तोवर चालू द्या’ असे म्हणून दिवस काढले जातात. यातील धोका यंत्राच्या किमतीहून मोठा आहे. हिशेबाची नोंद होत असताना वीज तोडावी लागली, तर हिशेबाची फाइलच बिघडू शकते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. कायदा बाजूस ठेवला तरी, कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे हे ज्या पेढीस सांगता येत नाही, तिची पत फार काळ टिकत नाही.

तेरीज न जुळल्यास आपण काय करतो?

तेरीज जुळत नाही तेव्हा जुना मुनीम सगळी खाती खोडून नव्याने लिहावयास बसत नाही. तो आधी फरक पाहतो. फरकास ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची उलटापालट झाली असावी असा तर्क करतो. ४५० ऐवजी ५४० लिहिले तर फरक ९० येतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूस गेली आहे का, हे शोधतो. फरकाचे रूपच चूक कोठे असावी ते सुचविते.

थबकणाऱ्या संगणकाची गोष्ट अशीच आहे. ‘कधीही, कसाही थांबतो’ असे आपण म्हणतो. परंतु त्यामागे कारण असते, आणि बहुधा ते पाच-सहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी सापडते. केव्हा थांबला, काय चालू असताना थांबला आणि कसा थांबला, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली की शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपते.

सर्वांत आधी हिशेब सुरक्षित करावा

तपासणीस हात लावण्यापूर्वी हिशेबाची प्रत काढावी. हिशेबाच्या प्रोग्रामात बॅकअपची सोय असते. तिचाच उपयोग करावा. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर व दुसरी दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत असावी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी; ती सदैव जोडलेली राहिली, तर यंत्रात शिरलेला व्हायरस तिच्यावरील प्रतही बिघडवू शकतो. प्रत खरोखर उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावे. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे म्हणजे न मोजता गल्ला बंद करणे होय.

विवरणपत्राच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुरुस्ती काढू नये. यंत्र अगदीच चालत नसेल, तर त्या दिवसापुरते काम दुसऱ्या संगणकावर उरकावे आणि मग शांतपणे कारण शोधावे.

थबकण्याची नोंदवही

संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला होता, कोणता प्रोग्राम उघडा होता, प्रिंटर चालू होता काय, वीज आली-गेली होती काय, एवढे लिहावे. दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मुलगा असो, सूनबाई असो वा नोकर, त्याच वहीत नोंद करावी. आठ-दहा नोंदी झाल्या की पुष्कळदा कल दिसू लागतो: नेहमी दुपारी, नेहमी प्रिंट देताना, नेहमी सकाळी पहिल्या दहा मिनिटांत.

विंडोज स्वतःही अशी नोंद ठेवते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत लिहून शोधल्यास दिवसवार तक्ता उघडतो आणि बिघाडाच्या दिवशी तांबडी फुली दिसते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद आढळल्यास घाबरू नये. यंत्र नीट बंद न होता थांबले, एवढाच तिचा अर्थ. कारण ती सांगत नाही. तिच्या अलीकडच्या काही मिनिटांत डिस्कविषयी वा अन्य कशाविषयी तक्रार आहे काय, ते पाहावे.

थबकला त्या क्षणी काय पाहावे

लगेच बटण दाबू नये. दोन मिनिटे थांबून या गोष्टी पाहाव्या.

कळफलकावरील कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागतो-विझतो असे दिसले, तर यंत्र आतून जागे असून एखादा प्रोग्राम अडकला असण्याचा संभव अधिक. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि अडकलेला प्रोग्राम तेवढा बंद करावा. दिवा हलत नसेल, तर सबंध यंत्र थांबले आहे. अशा वेळी यंत्राचा एखादा भाग किंवा त्याचा ड्रायव्हर संशयास पात्र ठरतो.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व ‘बी’ या कळा एकत्र दाबल्यास पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन काम पुढे चालू लागले, तर दोष तेथे शोधावा.

पेटीवरील डिस्कचा दिवा पाहावा. तो सतत पेटलेला असून मिनिटाभराने यंत्र आपोआप शुद्धीवर येत असेल, तर डिस्क वाचताना अडखळते आहे किंवा मेमरी अपुरी पडते आहे.

यातील कशानेच काम झाले नाही, तरच बटण काही सेकंद दाबून धरावे. यंत्र त्यास प्रतिसाद देत असेल तर भिंतीवरील स्विचने वीज तोडू नये.

क्रमाने तपासणी

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग दोन-चार दिवस पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि अनावश्यक खर्च होतो. बिनखर्चाच्या तपासण्या आधी कराव्या.

*जोडलेली उपकरणे.* दुकानाच्या संगणकास प्रिंटर, बारकोड स्कॅनर, पेन ड्राइव्ह असे पुष्कळ काही जोडलेले असते. कळफलक व माऊस सोडून सारे काढावे. यंत्र नीट चालले, तर एकेक करून पुन्हा जोडावे. हिशेबाची फाइल वखारीतील दुसऱ्या संगणकावर असेल, तर मधली नेटवर्कची वायर आणि तिची टोके तपासावी. वायर सैल असली की हिशेबाचा प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसतो आणि आपणांस वाटते की संगणकच थबकला.

*प्रोग्राम.* दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा. त्रास कोणत्या तारखेपासून सुरू झाला ते वहीत पाहून, त्या सुमारास नवीन काय बसविले वा अद्ययावत केले ते आठवावे. विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावी. तेथे अत्यावश्यक ड्रायव्हरच चालतात. त्यात काही तास यंत्र थबकले नाही, तर दोष एखाद्या प्रोग्रामात वा ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता वाढते. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात असू द्यावे.

*उष्णता.* सकाळी ठीक आणि दुपारी थबकतो, हिवाळ्यात ठीक आणि वैशाखात थबकतो, अशी नोंद असेल तर उष्णतेकडे पाहावे. हळदीच्या अडतीत हळदीची भुकटी, किराणा दुकानात पिठाचा व मसाल्याचा धुरळा, कापडाच्या पेढीत सुताची तूस हवेत असते. ती पंख्यातून आत जाऊन प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांत थर धरते. तापमान दाखविणारे मोफत प्रोग्राम मिळतात. काम चालू असताना प्रोसेसर ७०-८० अंश सेल्सियसपर्यंत जाणे चिंतेचे नाही. तो सतत ९० च्या वर राहत असेल तर सफाई हवी.

सफाईपूर्वी वीज बंद करून वायर काढावी, बटण एकदा दाबून उरलेली वीज निघू द्यावी आणि पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विजेने भागांना इजा होत नाही. झाकण काढल्यावर लगेच हवेचा झोत मारू नये. ऊब मिळते म्हणून मुंग्या, झुरळे, पाली तेथे आसरा घेतात. आपल्या घरांतील जयणेची रीत येथेही पाळावी: आधी नीट पाहावे, जीव असल्यास त्यास बाहेर जाऊ द्यावे, मग मऊ ब्रशाने हलकेच धूळ काढावी. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. मागील बाजूच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या बसविल्या, म्हणजे जीवही आत येत नाहीत आणि धूळही कमी होते. वीजपुरवठ्याची आतील डबी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तीत घातक दाबाची वीज साठून राहू शकते.

*मेमरी.* ठरावीक वेळ नाही, ठरावीक काम नाही, तरी यंत्र थबकते, अशा वेळी रॅमकडे वळावे. पट्टी काढून पुन्हा घट्ट बसविल्यानेही कधी कधी दोष जातो. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ हा प्रोग्राम विंडोजमध्येच असतो. तो रात्री चालवून ठेवावा. एकही चूक निघाली तरी ती पट्टी विश्वासास पात्र नाही. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून कोणती दोषी ते ठरवावे.

*डिस्क.* फाइल उघडावयास फार वेळ लागणे, मध्येच टक-टक असा आवाज, काही वेळ थांबून पुन्हा चालणे, ही दुबळ्या हार्ड डिस्कची लक्षणे होत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती दाखवितो. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्क दुरुस्त करण्याच्या भरीस न पडता आधी प्रत काढावी व डिस्क बदलावी. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर दीर्घ तपासणी चालविणे हेच तिच्या नाशास कारण होऊ शकते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर यंत्राचा वेगही पुष्कळ सुधारतो.

*वीज.* लिफ्ट, फ्रीज वा पंप सुरू होताच यंत्र थबकते काय? यूपीएसची बॅटरी किती वर्षांची आहे? साधारण तीन वर्षांनंतर ती क्षीण होऊ लागते. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. तापताना तो एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि संगणकास मिळणारी वीज डळमळते. प्रिंट देतानाच यंत्र थांबत असेल, तर हे प्रथम पाहावे. पेटीस हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगमध्ये दोष असावा. संगणकाचा विचार सोडून वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.

कारागिराकडे जाताना

एवढे करूनही दोष राहिला, तर यंत्र जाणकाराकडे न्यावे. सोबत आपली नोंदवही द्यावी. ‘फॉरमॅट करून देतो’ असे उत्तर पहिल्याच भेटीत मिळाले, तर थांबावे. फॉरमॅटने प्रोग्रामचे दोष जातील, हिशेबही जाईल. धूळ, दुबळी डिस्क वा सदोष रॅम तशीच राहील. कोणता भाग दोषी आहे आणि ते कशावरून ठरविले, असे नम्रतेने विचारावे. बदललेला जुना भाग परत मागावा, विशेषतः डिस्क. तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांची खाती व बँकेचे व्यवहार असतात. त्यांची गुप्तता राखणे ही पेढीची जबाबदारी आहे.

स्मरणासाठी

१. आधी हिशेबाची प्रत, मग तपासणी.
२. प्रत्येक वेळी नोंद. अंदाजावर खर्च नको.
३. एका वेळी एकच बदल, आणि नंतर दोन-चार दिवसांचे निरीक्षण.
४. उपकरणे, प्रोग्राम, उष्णता, मेमरी, डिस्क, वीज: साधारण हा क्रम, नोंदवहीत कल स्पष्ट दिसल्यास तेथून आरंभ.
५. वीजपुरवठ्याची डबी उघडू नये.
६. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सफाईत आणि ३१ मार्चचे हिशेब पुरे झाल्यावर, संगणकाची धूळ काढावी व बॅकअप उघडून पाहावा.